इवानामी हॉल : एका लहानशा चित्रपटगृहाची चोपन्न वर्षे

आमच्या मंडळाच्या प्रारंभीच्या वर्षांतील एक प्रसंग जुन्या सभासदांना अद्याप आठवत असेल. त्या दिवसांत घरोघरी दूरदर्शन आले नव्हते आणि या परप्रांतीच्या गावात मराठी चित्रपट लागणे अशक्यप्राय होते. म्हणून वर्षातून दोन-तीनदा मंडळच मुंबईहून एखाद्या मराठी चित्रपटाची सोळा मिलिमीटरची प्रत भाड्याने मागवी. रिळांचे तीन डबे रेल्वेच्या पार्सलाने येत. शाळेचे सभागृह, उसना प्रोजेक्टर, खिडक्यांना टांगलेल्या सतरंज्या आणि समोर ताणून बांधलेली पांढरी चादर, एवढ्या साहित्यावर आमचे चित्रपटगृह उभे राही. एका रविवारी तीनांपैकी दोनच डबे आले. तिसरा वाटेत कोठेतरी राहिला होता. दोन भाग दाखवून झाले, दिवे लागले, पण उठावयास कोणी तयार होईना. अखेर हा चित्रपट पूर्वी पुण्यास पाहिलेल्या एक आजी पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि उरलेली कथा त्यांनी तोंडाने सांगितली. राहिलेला डबा बुधवारी आला; आणि त्या रात्री केवळ तेवढा शेवटचा भाग पाहण्यासाठी पंचवीस-तीस कुटुंबे पुन्हा त्याच सभागृहात जमली. शेवट सर्वांना ठाऊक होता; तरीही कोणी घरी राहिले नाही.

राहिलेला भाग पाहिल्यावाचून चैन न पडणे, ही वृत्ती वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु याच वृत्तीतून हजारो मैलांवरील तोक्यो नगरात एका चित्रपट-उपक्रमाचा जन्म झाला, आणि जो राहिलेला भाग तेथील लोकांना पाहावयाचा होता तो आपल्या भारतातलाच होता, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ज्ञात असेल. त्या चित्रपटगृहाचे नाव इवानामी हॉल. ९ फेब्रुवारी १९६८ रोजी ते उघडले आणि २९ जुलै २०२२ रोजी कायमचे बंद झाले. सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी बंद पडलेल्या संस्थेची कथा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, जी संस्था पन्नाशी ओलांडून आणखी चार वर्षे जगली आणि मग थांबली, तिच्या चरित्रात पन्नाशीला पोहोचलेल्या दुसऱ्या संस्थेने पाहण्यासारखे बरेच काही असते.

तोक्योच्या मध्यभागी जिम्बोचो नावाची एक वस्ती आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ती जगभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची कल्पना सहज येईल. तेथील बहुतेक पुस्तक-दुकाने रस्त्याच्या दक्षिणेकडील बाजूस, उत्तरेकडे तोंड करून उभी आहेत. कारण एवढेच की, उन्हाची तिरीप आत येऊ नये आणि ग्रंथांची पाने पिवळी पडू नयेत. ज्या वस्तीत दुकानाचे तोंड कोणत्या दिशेस असावे हे पुस्तकांच्या सोयीने ठरते, तिचा स्वभाव यावरूनच कळावा.

याच वस्तीत १९१३ साली शिगेओ इवानामी या गृहस्थांनी जुन्या पुस्तकांचे एक दुकान थाटले. पुढच्याच वर्षी, जपानी कादंबरीचे श्रेष्ठ शिल्पकार नात्सुमे सोसेकी यांची 'कोकोरो' ही कादंबरी त्यांनी प्रसिद्ध केली आणि दुकानाची प्रकाशन संस्था झाली. १९२७ पासून या संस्थेने अभिजात ग्रंथांच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या आवृत्त्या काढण्यास आरंभ केला. विद्यार्थी, शिक्षक, कारकून अशा सामान्य मिळकतीच्या वाचकांच्या हाती त्यामुळे जगातील थोर ग्रंथ पडले. उत्तम ते स्वस्त आणि सर्वांच्या आटोक्यात असावे, ही या घराण्याची परंपरा. ती ध्यानात घेतल्याशिवाय पुढील कथेचा अर्थ लागणार नाही.

शिगेओंचे चिरंजीव युजिरो इवानामी यांनी जिम्बोचोच्या चौकात एक इमारत उभारली आणि तिच्या दहाव्या मजल्यावर सुमारे २२० आसनांचे एक सभागृह बांधले. तोच इवानामी हॉल. प्रथम ते केवळ चित्रपटांसाठी नव्हते. व्याख्याने, संगीताच्या बैठका, जपानच्या पारंपरिक कलांचे प्रयोग आणि चित्रपटविषयक अभ्यासवर्ग असे नानाविध कार्यक्रम तेथे होत. आपल्याकडील एखाद्या वाचनालयाच्या वा ग्रंथसंग्रहालयाच्या सभागृहासारखेच ते होते, असे म्हटले तरी चालेल. सभागृहाचा कारभार युजिरोंनी आपल्या मेहुणीच्या हाती सोपविला. त्यांचे नाव एत्सुको ताकानो.

ताकानोबाईंचा जन्म १९२९ सालचा, मांचुरियातला. शिक्षण पुरे झाल्यावर १९५२ साली त्या 'तोहो' या मोठ्या चित्रपट कंपनीत लागल्या. काम होते प्रेक्षकवर्गाच्या आवडीनिवडींच्या पाहणीचे. मनात मात्र दिग्दर्शनाची आकांक्षा होती. त्या काळी जपानी चित्रपटसृष्टीत स्त्रीने दिग्दर्शिका होण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता. म्हणून १९५८ साली त्यांनी पॅरिस गाठले आणि तेथील चित्रपट-शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेत रीतसर दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले. परत आल्यावरही त्यांना चित्रपट दिग्दर्शनाचे दार काही उघडले नाही. जे दार आपल्याला उघडले नाही त्याच्याशी झगडत बसण्याऐवजी त्यांनी दुसऱ्यांच्या कलाकृतींसाठी एक दार उघडले आणि ते आयुष्याच्या अखेरपर्यंत उघडे ठेवले. त्यांचे सारे चरित्र या एका वाक्यात सामावते.

त्यांना साथ लाभली ती काशिको कावाकिता या ज्येष्ठ विदुषींची. १९०८ साली जन्मलेल्या या बाई आणि त्यांचे पती नागामासा कावाकिता यांची 'तोवा' ही कंपनी युरोपातील उत्तमोत्तम चित्रपट जपानात आणीत असे. १९३२ सालच्या युरोपच्या प्रवासात काशिकोबाईंनी पारखून निवडलेला एक जर्मन चित्रपट पुढील वर्षी जपानात अतिशय गाजला, तेव्हापासून त्यांच्या नजरेचा दबदबा होता. पुढे १९६० च्या सुमारास चित्रपटांचे जतन व्हावे म्हणून संस्था उभारण्यात आणि कलात्मक चित्रपटांसाठी 'आर्ट थिएटर गिल्ड' ही संघटना रुजविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. या गिल्डनेच सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९६६ साली जपानी प्रेक्षकांपुढे आणला आणि त्यानंतर १९७० साली 'अपराजितो' दाखविला.

आता खरी गोष्ट येथे आहे. 'पथेर पांचाली'त निश्चिंदीपूरचा बालक अपू दिसतो. 'अपराजितो'त तो काशीहून कोलकात्यास जातो, शिकतो आणि आईला मुकतो. पुढे त्याचे काय झाले? ते सांगणारा 'अपूर संसार' हा तिसरा चित्रपट भारतात १९५९ सालीच प्रदर्शित झाला होता. सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर हे दोघेही त्यातूनच प्रथम पडद्यावर आले. पण जपानात तो पोहोचलाच नव्हता. दोन भाग पाहिलेल्या रसिकांना तिसरा भाग कोणी दाखवीना, कारण व्यापाराच्या दृष्टीने त्यात लाभ दिसत नव्हता. कावाकिताबाईंच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली होती. इवानामी हॉल आपल्या हाती आहे, तर हा चित्रपट आपणच का दाखवू नये, असा विचार दोघींनी केला. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'अपूर संसार' जिम्बोचोच्या त्या दहाव्या मजल्यावर लागला.

त्या एका चित्रपटाबरोबर एका उपक्रमाचाही आरंभ झाला. त्याचे नाव दोघींनी फ्रेंच भाषेतले ठेवले : 'एकिप द सिनेमा', म्हणजे चित्रपटाचा चमू. या चमूची उद्दिष्टे प्रारंभीच निश्चित करण्यात आली होती. जपानात क्वचितच दिसणाऱ्या आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका आदी भूभागांतील श्रेष्ठ चित्रपट दाखवावयाचे. युरोप-अमेरिकेतील ज्या कृती मोठ्या कंपन्या उचलीत नाहीत त्यांना जागा द्यावयाची. पूर्वी काटछाट करून दाखविलेले चित्रपट मूळ, अखंड स्वरूपात लोकांपुढे आणावयाचे. आणि उत्तम जपानी चित्रपटांनाही हातभार लावावयाचा. हे करण्याची वेळ पाहिली तर ती अगदी प्रतिकूल होती. १९५८ साली जपानात वर्षाकाठी ११२ कोटींहून अधिक चित्रपट-तिकिटे खपली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास हा आकडा वीस कोटींच्याही खाली उतरला होता. दूरचित्रवाणीने घराघरांत ठाण मांडले होते आणि गावोगावची चित्रपटगृहे बंद पडत होती. अशा ओहोटीत या दोन स्त्रियांनी आपली होडी पाण्यात लोटली.

येथे आपल्या देशाशी जुळणारा एक धागा नोंदविला पाहिजे. ज्यांच्या चित्रपटाने या उपक्रमाचे मंगलाचरण झाले, ते सत्यजित राय स्वतः प्रथम एक चोखंदळ प्रेक्षक होते. १९४७ साली चिदानंद दासगुप्त आदी मित्रांसमवेत त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. जगातील चांगले चित्रपट मिळवून ते एकत्र बसून पाहणे आणि त्यांवर चर्चा करणे, हा तिचा उद्देश. चांगले पाहण्याची तहान लागलेल्या मूठभर तरुणांतूनच पुढे 'पथेर पांचाली' निर्माण करणारा दिग्दर्शक निघाला. १९५९ साली देशातील अशा संस्थांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत मराठी रसिकांच्या पुढाकाराने प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले तेही १९६८ साली, म्हणजे इवानामी हॉल उघडला त्याच वर्षी. कोणी कोणाचे अनुकरण केले नव्हते. एकच गरज निरनिराळ्या ठिकाणी जाणवत होती, एवढाच याचा अर्थ. आपल्यासारख्या परप्रांतीय मंडळांनी शाळेच्या सभागृहात चादर ताणून जे केले, तेही त्याच गरजेचे धाकटे रूप होते, असे आम्ही नम्रपणे म्हणू.

इवानामी हॉलची रीत साधी पण कडक होती. एका वेळी एकच चित्रपट लागे आणि तो आठवडेच्या आठवडे चाले. त्या काळी जपानातील चित्रपटगृहांत कोणीही केव्हाही आत शिरावे, मधूनच पाहू लागावे आणि वाटल्यास पुढचा खेळही तेथेच बसून पाहावा, असा प्रघात होता. इवानामी हॉलने तो मोडला. आसनांइतकीच तिकिटे द्यावयाची, प्रत्येक खेळानंतर सभागृह पूर्ण रिकामे करावयाचे आणि खेळ सुरू झाल्यावर कोणास आत सोडावयाचे नाही, असा नियम झाला. आपल्याकडे गवयाचा ख्याल रंगात आला असता उठून जाणाऱ्यास बुजुर्ग मंडळी ज्या नजरेने पाहतात, तीच नजर या नियमामागे होती. कलाकृतीला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, आणि तिन्हींना मान द्यावयाचा असतो, हे प्रेक्षकांना शब्दांनी न सांगता तेथे शिकविले जाई. उपक्रमाचे सभासद नोंदविले जात. त्यांतील कित्येक पुढे वर्षानुवर्षे येत राहिले. कोणता चित्रपट लागला आहे याची चौकशी न करता, 'इवानामी हॉलमध्ये लागला आहे ना, मग पाहण्याजोगाच असणार' एवढ्या विश्वासावर येणारा वर्ग तयार झाला. व्यापारात ज्यास पत म्हणतात ती हीच.

या पतीची फळेही दिसली. १९७८ साली इटलीचे लुकिनो विस्कोंती यांचा 'कॉन्व्हर्सेशन पीस' येथे लागला. पुस्तके आणि चित्रे यांत रमलेल्या एका वृद्ध प्राध्यापकाची ती कथा. तिला एवढी गर्दी लोटली की, जपानात विस्कोंतींच्या इतर चित्रपटांनाही मागणी आली. पुढच्याच वर्षी ग्रीसच्या थिओ आंगेलोपुलोस यांचा जवळजवळ चार तासांचा 'द ट्रॅव्हलिंग प्लेअर्स' दाखविण्याचे धाडस या सभागृहाने केले. फिरत्या नाटक मंडळीच्या प्रवासातून एका देशाचा इतिहास सांगणारी ती कृती तोक्योच्या प्रेक्षकांनी निमूटपणे, अखेरपर्यंत बसून पाहिली. १९८८ साली आलेल्या 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'मध्ये तर लिलियन गिश आणि बेटी डेव्हिस या दोन वयोवृद्ध अभिनेत्री समुद्रकाठच्या घरात राहणाऱ्या दोन बहिणी झाल्या आहेत. त्यात ना मारामारी, ना प्रणय. तो महिनोन् महिने चालला. १९९८ सालचा 'द सूंग सिस्टर्स' हा चीनच्या प्रसिद्ध तीन भगिनींवरील चित्रपट या सभागृहाच्या सर्वाधिक गर्दीच्या चित्रपटांत गणला जातो.

या यादीत स्त्रिया पुष्कळ दिसतात, हा योगायोग नव्हे. ज्या क्षेत्राने आपल्याला आत घेतले नाही, त्यात येणाऱ्या पुढच्या स्त्रियांना वाट मोकळी करून देणे हे ताकानोबाईंनी आपले कर्तव्य मानले. सुमिको हानेदा या श्रेष्ठ जपानी अनुबोधपट-दिग्दर्शिका. उत्तर जपानच्या डोंगरी खेड्यांतील पारंपरिक नृत्यावरचा त्यांचा तीन तासांहून अधिक लांबीचा पट १९८२ साली येथेच दाखविला गेला. १९८५ पासून तोक्योत स्त्री-दिग्दर्शिकांच्या चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. ताकानोबाई त्याच्या प्रमुख संयोजिका होत्या आणि २०१२ पर्यंत तो चालला.

पोलंडचे आंद्झेई वायदा यांच्याशी या सभागृहाचा जडलेला ऋणानुबंध तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांचा 'मॅन ऑफ मार्बल' १९८० साली येथे लागला. पुढे १९८७ साली वायदांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांनी ती सारी रक्कम पोलंडमधील क्राकोव्ह नगरात जपानी कलेचे एक केंद्र उभारण्यासाठी देऊन टाकली. फेलिक्स यासियेन्स्की नावाच्या एका पोलिश रसिकाने जमविलेल्या जपानी कलावस्तू तेथे कित्येक दशके योग्य घराविना पडून होत्या, आणि त्यांना घर द्यावे ही वायदांची तरुणपणापासूनची इच्छा. पुरस्काराची रक्कम अर्थातच पुरणारी नव्हती. जपानात निधी गोळा करण्याच्या कामी ताकानोबाई पुढे झाल्या, आणि सामान्य जपानी नागरिकांनीही त्यात आपला वाटा घातला. ते 'मांग्घा' केंद्र १९९४ साली उघडले आणि आजही व्हिस्तुला नदीच्या काठी उभे आहे. दोनशे-सव्वादोनशे आसनांच्या एका चित्रपटगृहातून जुळलेल्या स्नेहाचा एवढा लांबवर परिणाम व्हावा, ही गोष्ट लहान संस्थांनी विसरू नये अशी आहे.

१९८० च्या दशकात इवानामी हॉलच्या धर्तीवर तोक्योत आणि मग जपानभर लहान चित्रपटगृहांची एक लाटच उठली. जपानी लोक त्यांना 'मिनी थिएटर' म्हणतात, आणि इवानामी हॉल त्या सर्वांचा वडीलभाऊ समजला जाई. परंतु काळ कोणासाठीही थांबत नाही. १९९३ साली जपानात पहिले बहुपडदा चित्रपटगृह आले. हळूहळू एका छताखाली दहा-बारा पडदे ही सामान्य गोष्ट झाली. पुढे चित्रपट घरच्या घरी, आणि त्याहीपुढे हातातल्या दूरध्वनीवर आला. इवानामी हॉलचा निष्ठावंत प्रेक्षक येतच होता, पण तो वृद्ध होत चालला होता. चाळिशीतील ज्या गृहिणी १९७८ साली विस्कोंती पाहावयास रांगेत उभ्या राहिल्या, त्या आता ऐंशीच्या घरात पोहोचल्या होत्या. त्यांच्या मागे उभे राहावयास नवी रांग पुरेशी तयार झाली नव्हती.

कावाकिताबाई १९९३ साली निवर्तल्या. ताकानोबाईंचे निधन ९ फेब्रुवारी २०१३ रोजी झाले. सभागृह उघडल्यास त्या दिवशी बरोबर ४५ वर्षे पुरी होत होती. व्यवस्थापनाची धुरा त्यांच्या भाची रित्सुको इवानामी यांनी आधीपासूनच सांभाळली होती, आणि त्यांनी ती निष्ठेने पुढे नेली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'हाना आरेन्ट' हा एका तत्त्वचिंतक स्त्रीवरील चित्रपट लागला, तेव्हा दहाव्या मजल्याच्या सभागृहासाठी रस्त्यावर रांगा लागल्या. संस्थेत प्राण शिल्लक होता, याची ती साक्ष. २०१८ साली सभागृहाने पन्नाशी पाहिली.

मग २०२० सालची महामारी आली. चित्रपटगृहे आधी बंद राहिली, मग अर्धी आसने रिकामी ठेवून उघडली. या रोगाचा धोका वृद्धांना सर्वाधिक, आणि इवानामी हॉलचा मुख्य प्रेक्षक नेमका तोच. तरीही संस्थेने हातपाय गाळले नाहीत. २०२१ च्या प्रारंभी सभागृहाचे नूतनीकरण करण्यात आले. त्यानंतर भूतानच्या दुर्गम खेड्यातील शाळेची गोष्ट सांगणारा 'लुनाना' हा चित्रपट तेथे लागला आणि लोकांना तो आवडलाही. परंतु ११ जानेवारी २०२२ रोजी संस्थेने जाहीर केले की, महामारीमुळे परिस्थिती एकाएकी पालटली असून यापुढे सभागृह चालविणे कठीण आहे. सबब २९ जुलै रोजी ते बंद करण्यात येईल. चोपन्न वर्षांत साठांहून अधिक देशांतील अडीचशेवर चित्रपट तेथे दाखविले गेले होते. अखेरचा चित्रपट होता जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांचा. ब्रूस चॅटविन या आपल्या दिवंगत भटक्या लेखक-मित्राच्या पाऊलखुणा शोधीत ते त्यात जगभर फिरतात. एका भारतीय मुलाच्या संसाराने ज्याचा आरंभ झाला, त्या प्रवासाचा शेवट असा एका पथिकाच्या स्मरणाने झाला.

या अंताचे खापर कोणावर फोडावे? महामारीवर फोडणे सोपे आहे, आणि ते खोटेही नाही. परंतु त्याच महामारीत जपानातील दुसरी कित्येक लहान चित्रपटगृहे तगली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०२० साली काही तरुण दिग्दर्शकांनी त्यांच्या साहाय्यासाठी आवाहन केले, तेव्हा सुमारे तीस हजार लोकांनी मिळून ३३ कोटी येनांहून अधिक रक्कम जमविली. म्हणजे आस्था मेली नव्हती, पैसाही अगदीच आटला नव्हता. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, इवानामी हॉलला महामारीने पाडले असले तरी त्याला पोखरण्याचे काम त्याआधीच झाले होते, आणि तेही कोणा शत्रूने केले नव्हते. ज्या निष्ठावंत प्रेक्षकवर्गाने त्याला चाळीस वर्षे तोलून धरले, त्याच्यावरच ते विसंबून राहिले. घरातील कर्तीसवरती माणसे सारे नीट चालवीत असली म्हणजे धाकट्यांना हाक मारण्याची आठवण राहत नाही. हा दोष म्हणावा तर तो निष्ठेचाच दोष आहे, आणि म्हणूनच तो वेळेवर दिसत नाही. हे आम्ही ताकानोबाईंच्या संस्थेस नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. चोपन्न वर्षांत त्या संस्थेने जेवढे केले त्याच्या शतांशही आमच्या हातून झालेले नाही. आम्ही हे लिहितो ते स्वतःच्या घराकडे पाहून.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे झाली. सभागृह स्वतःचे झाले, पुस्तकांची कपाटे वाढली, गणेशोत्सवाच्या आरतीला उभे राहावयास जागा पुरत नाही. हे सारे आनंदाचे आहे. परंतु वाचनालयात संध्याकाळी येणारे चेहरे तेच आहेत, वासंतिक नाट्यप्रयोगाला पहिल्या रांगेत बसणारी मंडळी तीच आहेत, आणि तीही दरवर्षी एक-दोनांनी उणी होतात. पहिल्या पिढीने परक्या मुलखात हे घर बांधले; दुसरीने ते राखले. अपूच्या कथेप्रमाणे आपल्याही कथेचा तिसरा भाग अजून यावयाचा आहे. 'अपूर संसार'च्या शेवटी अपू इतकी वर्षे दूर ठेवलेल्या आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन चालू लागतो. वडिलांना ओळखतही नसलेला तो मुलगा आपण होऊन जवळ आलेला नाही. अपू त्याच्याकडे चालत गेला आहे, त्याने नाकारले तरी थांबला आहे आणि मुलाच्या मनाने घेईपर्यंत त्याने वाट पाहिली आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या चालकांस आमची एक छोटीशी सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी सभागृहात एक चित्रपट दाखवावा. तो कोणत्याही भाषेतला असो, पण चांगला असावा. निवड आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या मंडळींनी न करता मंडळातील विशीच्या आतल्या मुलामुलींवर सोपवावी आणि आम्ही फक्त वेळेवर येऊन बसावे. त्यांची निवड आम्हांस आवडणार नाही असे पुष्कळदा होईल. तरीही शेवटची अक्षरे पडद्यावरून सरेपर्यंत आम्ही उठणार नाही, एवढा शब्द या पानावरून देऊन ठेवतो. पहिल्या रविवारी कोणता चित्रपट लागावा हे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो आहोत. तो मुलांनीच ठरवावा.